साठ पानं, सात हातात

समजा, तुमच्याकडे पोकेमॉनचे दीडशे पत्ते आहेत आणि मित्राकडे मोजून साठ. खेळायला बसलात तर जिंकेल कोण?

जळगावच्या कुठल्याही गल्लीत हा प्रश्न विचारा, निम्मी पोरं तरी "दीडशेवाला!" म्हणून ओरडतील. ज्याची थप्पी जाड तो मोठा, असा आपला हिशेब. दुकानातून पाकीट आणायचं, फाडायचं आणि सोनेरी पान निघालं की गल्लीभर मिरवायचं. (ती सोनेरी पानं बहुतेक नकली असतात बरं का, स्पर्धेत चालत नाहीत. पण पाकीट फाडताना मजा येते, हे मान्य.)

आता खऱ्या स्पर्धेचा नियम ऐका. पोकेमॉनच्या डेकमध्ये, म्हणजे खेळायला घेतलेल्या थप्पीत, बरोबर ६० पानं लागतात. एकोणसाठ नाही, एकसष्ट नाही. एका नावाची जास्तीत जास्त चार पानं घ्यायची. फक्त साध्या एनर्जीच्या पानांना ही अट नाही. 'मॅजिक : द गॅदरिंग' नावाचा याच जातीचा एक जुना खेळ आहे. त्यात 'किमान ६०' असा नियम आहे, म्हणजे शंभर पानं घेतली तरी कुणी अडवणार नाही. तरीही तिथले बहुतेक कसलेले खेळाडू बरोबर साठावर थांबतात. फुकट मिळत असताना जास्त पानं का नकोत?

डाव सुरू होताना हातात सात पानं येतात. तुमचं लाडकं पान पिकाचू आहे आणि साठात तो एकच घातलाय. पहिल्या सातांत तो येईल का? साठ जागा, त्यातल्या सात तुमच्या. म्हणजे ६० पैकी ७, शंभर डावांत सुमारे १२ वेळा. उरलेल्या ८८ डावांत पिकाचू थप्पीत झोपलेला असणार.

आता चार पिकाचू घाला. घाईघाईने बाराला चाराने गुणून ४८ म्हणू नका. कधी कधी दोन पिकाचू एकदमच हातात येतात, आणि तो डाव आपण दोनदा मोजून बसतो. इथं हिशेब उलटा करायचा. एकही पिकाचू हातात न येण्याची शक्यता काढायची. चौघांना लपायला हाताबाहेरच्या ५३ जागा आहेत. पहिल्याला ६० पैकी ५३, तो बसला की दुसऱ्याला ५९ पैकी ५२, मग ५८ पैकी ५१, मग ५७ पैकी ५०. हे चारही अपूर्णांक गुणले की उत्तर सुमारे ०.६० येतं. म्हणजे शंभरातल्या ६० डावांत पिकाचू नाही आणि ४० डावांत आहे.

बारावरून एकदम चाळीस! आणि हेच चार पिकाचू शंभर पानांच्या जाड थप्पीत टाकले तर? चाळीसचे पंचवीस होतात. आपल्या दीडशेवाल्याचं काय होईल, ते तुम्हीच काढा.

विश्वास बसत नसेल तर घरातला पत्त्यांचा कॅट घ्या. त्यात पुठ्ठ्याचे आठ कोरे तुकडे त्याच मापात कापून घाला, की झाली साठ पानं. चार एक्के म्हणजे आपले चार पिकाचू. पिसा, सात पानं वाटा, एक्का आला की नाही ते वहीत लिहा. पुन्हा पिसा. शंभर वेळा केलंत तर चाळिसाच्या आसपास पोचाल. "सुट्टी लागली की पत्ते कुटत बसतात," असं आजी म्हणाली, तर तिला सांगा की गणिताचा प्रयोग चाललाय. तिचा विश्वास बसेल याची हमी मी देत नाही.

हे गणित कुठल्या परदेशी पुस्तकातलं वाटलं असेल, तर जरा चाळीसगावला चला. धुळ्याहून रेल्वेचा फाटा थेट चाळीसगावलाच येतो. तिथून अठरा-एक किलोमीटरवर गौताळ्याच्या डोंगरात पाटणादेवीचं देऊळ आहे. जवळच्या पाटणे गावातल्या देवळात एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली त्याची माहिती छापून जगापुढे आणली. लेख आठशे वर्षांपूर्वीचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथं एक मठ काढला, असं त्यात कोरलंय. मठाचा खर्च कसा चालायचा, हेही आहे, आणि तो भाग चक्क जुन्या मराठीत आहे. गावातल्या तेल्यांनी प्रत्येक घाण्यामागे पळी पळी तेल मठाला द्यायचं! खान्देशातल्या घाण्यांच्या तेलावर गणिताची शाळा चालत होती. भास्कराचार्यांचं स्वतःचं गाव कोणतं, यावर अभ्यासकांत वाद आहे. कुणी हेच पाटणे म्हणतं, कुणी विजापूरकडे बोट दाखवतं. मठ मात्र आपल्याकडचाच.

भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली. त्यात अशी गणितं आहेत की वाटावं, हा माणूस पत्तेच खेळायचा.

एक गणित चवींचं. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट अशा सहा चवी. त्यातल्या एक, दोन, तीन अशा करत सहाच्या सहा मिसळून किती तऱ्हा होतील? एकेकट्या चवीच्या ६, दोन-दोनच्या १५, तीन-तीनच्या २०, मग पुन्हा १५, ६ आणि शेवटी १. एकूण ६३. (तिखट म्हणजे तेव्हा मिरी आणि सुंठ. मिरची भारतात यायला अजून साडेतीनशे-चारशे वर्षं होती. शेवभाजीशिवाय ही माणसं राहत कशी होती, कोण जाणे.) डेक बांधणं हे याच जातीचं गणित आहे. शेकडो पानांतून कोणती निवडायची आणि कोणती सोडायची?

दुसरं गणित देवांच्या हातांचं. विष्णूला चार हात आणि हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. वस्तूंची अदलाबदल करून किती निरनिराळ्या मूर्ती होतील? ४ × ३ × २ × १, म्हणजे २४. केशव, नारायण, माधव अशी विष्णूची चोवीस नावं ऐकली असतील; मूर्तिकार त्या चोवीस रूपांना हे चोवीस क्रम देतात. मग शंकराचे दहा हात आणि दहा वस्तू. उत्तर थेट ३६,२८,८०० वर जातं. पत्ते पिसणं म्हणजे हेच, फक्त हात साठ. साठ वेगवेगळी पानं किती क्रमांनी लागतील, ती संख्या ८२ आकडी आहे. दिसणाऱ्या विश्वात एकूण अणू किती, याचा शास्त्रज्ञांचा ढोबळ अंदाज ८१ आकडी संख्येचा आहे. तुम्ही नीट पिसलेला कॅट याआधी जगात कुणाच्याही हातात त्याच क्रमाने आलेला नसणार, हे अगदी बिनधास्त सांगता येतं.

मला सगळ्यात आवडतं ते तिसरं गणित. ४, ८, ५, ५, ५ हे पाच अंक वेगवेगळ्या क्रमाने लिहून किती संख्या बनतील? पाचही अंक वेगळे असते तर १२०. पण तीन पाच सारखेच. त्यांची आपसात अदलाबदल केली तरी संख्या तीच राहते. तीन वस्तूंची अदलाबदल ६ तऱ्हांनी होते, म्हणून १२० ला ६ ने भागायचं. उत्तर २०.

आता हे डेकला लावू. चार-चार सारखी पानं, असे पंधरा गट घेतले. प्रत्येक गटामागे २४ ने भागायचं, पंधरा वेळा. ८२ आकडी संख्या घसरून ६२ आकडी होते. चांगला डेक बांधणाऱ्याची सगळी हुशारी इथं आहे. नशीब काही त्याच्या हातात नसतं, पण नशिबाने खेळायला किती जागा ठेवायची, हे तो आधीच ठरवून येतो.

हे खेळ आले कुठून, तेही ऐका. रिचर्ड गारफील्ड नावाच्या अमेरिकन माणसाचं बालपण काही काळ बांगलादेशात आणि नेपाळमध्ये गेलं. पुढे त्याने गणितात डॉक्टरेट केली, तीही नेमकी निवडीच्या आणि मांडणीच्या गणितात. डॉक्टरेट मिळाली १९९३ साली आणि त्याच वर्षी त्याचा 'मॅजिक' बाजारात आला. सुरुवातीला एका पानाच्या कितीही प्रती चालायच्या. मग काय, लोक एकच जबरदस्त पान वीस-वीस वेळा घालू लागले! तेव्हा स्पर्धांसाठी चारची मर्यादा आली. पोकेमॉनचे पत्ते जपानात निघाले १९९६ साली, आणि त्यांनीही तोच चारचा आकडा ठेवला.

पण नुसते चार-चार घालूनही भागत नाही. पोकेमॉनमध्ये एक पान दुसऱ्यावर चढतं. चारमॅंडर नसेल तर चारमिलियन उतरवता येत नाही. दोघांचं एकेकच पान घेतलंत, तर दोन्ही पहिल्या सातांत येण्याचा योग साधारण ८४ डावांत एकदा. चार-चार घेतली तर सात डावांत एकदा. म्हणून पट्टीचे खेळाडू पोकेमॉन कमी आणि 'ट्रेनर' पानं भरपूर घेतात, अनेकदा निम्म्याहून जास्त. ट्रेनर मारामारी करत नाहीत, पण पानं आणून देतात. 'प्रोफेसर्स रिसर्च' टाकलं की हातातली पानं फेकून नवी सात घ्यायची. 'अल्ट्रा बॉल'साठी दोन पानं फेकली की डेकमधून हवा तो पोकेमॉन शोधून काढता येतो. लहान मुलं नेमकी हीच पानं कंटाळवाणी म्हणून देऊन टाकतात. अशी पानं फुकट मिळत असतील तर मुकाट्याने घ्यावीत.

माझी भाची धुळ्याला देवपुरात राहते. तिच्याशी खेळताना मी एक गोष्ट पाहिली. डावाच्या सुरुवातीला सहा पानं उपडी बाजूला ठेवतात, त्यांना 'प्राइझ' म्हणतात. कोणती पानं तिथं गेली, ते खुद्द मालकालाही दिसत नाही. भाचीने अल्ट्रा बॉल टाकला, सगळा डेक पंख्यासारखा उघडला आणि ओठ हलवत भराभर पानं सरकवू लागली. हवा तो पोकेमॉन तर वरच दिसत होता!

"अगं, घे की तो. काय मोजतेस एवढं?"

"थांब ना मामा. पिकाचू दोन आत, एक हातात. चौथा प्राइझमध्ये गेलाय."

डेक उघडायची परवानगी शोधण्यासाठी मिळाली होती, तिने त्यात उपड्या पानांचा पत्ताही काढला. जे पान डेकमध्ये एकटंच आहे, ते प्राइझमध्ये अडकण्याची शक्यता ६० पैकी ६, दहा डावांत एकदा. मेंढीकोट खेळताना आजोबा उतरलेले हुकूम बोटांवर मोजतात ना? तीच विद्या ही.

आणि पिसायचं कसं? अर्धा गठ्ठा उचलून पुढं-मागं टाकण्याची आपली घरगुती पद्धत फार कच्ची असते. त्या पद्धतीने पत्ते खरोखर मिसळायला हजारो फेऱ्या लागतात. कॅटचे दोन भाग करून पानं फर्रकन एकमेकांत घुसवली तर बावन्न पत्त्यांना सात फेऱ्या पुरतात, हे डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवलं. डायकोनिस आधी जादूगार होते, तेव्हा पत्त्यांचं त्यांना कळणारच. ते जमत नसेल तर पत्ते सतरंजीवर पसरा आणि दोन्ही हातांनी मिनिटभर कालवा.

आता एक गणित तुमच्यासाठी. तीन पिकाचू, एक चारमॅंडर आणि एक अल्ट्रा बॉल, अशी पाच पानं ओळीत किती वेगवेगळ्या तऱ्हांनी लावता येतील? उत्तर भास्कराचार्यांनी देऊन ठेवलंय, या लेखातच कुठंतरी आहे.