स्विचलाही नावे कळू द्या

मॅनेज्ड स्विच बसवताना अनेक तंत्रज्ञ सवयीने एक आज्ञा देतात: ‘नो आयपी डोमेन लुकअप’. म्हणजे नावावरून पत्ता शोधणे बंद. त्यामागचा त्रास खरा आहे. सिस्कोच्या स्विचवर आज्ञा टंकताना एक अक्षर चुकले, की स्विच त्या शब्दाला एखाद्या यंत्राचे नाव समजतो. नेम सर्व्हर नेमलेला नसेल तर साऱ्या नेटवर्कमध्ये त्याची विचारणा करतो आणि उत्तराची वाट पाहत खोळंबून राहतो. तरीही त्यापायी नावांचा शोधच बंद करणे मला चुकीचे वाटते.

यावर म्हटले जाते, की स्विच मॅक पत्ता पाहून माहिती पुढे धाडतो, त्याला नावांशी काय देणेघेणे? माहिती धाडण्यापुरते हे अगदी बरोबर. पण त्याला स्वतःच्याही गरजा आहेत आणि त्यांत घड्याळ सर्वांत महत्त्वाचे. कॅटलिस्ट २९६० सारख्या स्विचमध्ये घड्याळाला बॅटरीच नसते. वीज गेली-आली की ते १ मार्च १९९३ पासून मोजू लागते. सटाण्यातल्या एखाद्या सरकारी कार्यालयात दुपारी वीज गेली आणि पुढे घुसखोरीचा तपास करायची वेळ आली, तर १९९३ सालच्या नोंदींवरून काय जुळवणार? सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत आणि नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. ही वेळ मिळवायची तर स्विचला त्यांच्या वेळ-सर्व्हरची नावे उलगडता यायला हवीत.

मग थेट अंकी पत्ताच का लिहू नये? कारण पत्ते बदलतात. सगळी नावे एकाच फाइलमध्ये ठेवून ती सर्वांना वाटण्याची जुनी पद्धत वाढत्या इंटरनेटला पुरेना, म्हणूनच १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. गावोगावच्या स्विचमध्ये हाताने अंक भरणे म्हणजे त्याच अडचणीकडे परत जाणे. (जुन्या काही आवृत्त्या नाव एकदाच उलगडून अंकच साठवतात, तिथे हा फायदा मिळत नाही.) नेम सर्व्हरच बंद पडला तर, ही शंका रास्त आहे. त्यासाठी ‘आयपी नेम-सर्व्हर’ने दोन पत्ते द्यावेत आणि स्विचपर्यंत पोहोचण्याचा व्यवस्थापनाचा पत्ता मात्र अंकीच ठेवावा. चुकलेल्या अक्षराच्या खोळंब्यावर कन्सोल आणि व्हीटीवाय लाइनवर ‘ट्रान्सपोर्ट प्रिफर्ड नन’ ही आज्ञा पुरते: अनोळखी शब्द स्विच यंत्राचे नाव मानत नाही, आणि नावांचा शोध चालूच राहतो.