सिनेमाचे शिक्षण : खर्च कोणाचा, कमाई कोणाची?

आपल्या वस्तीतला मुलगा डॉक्टर व्हावा, इंजिनियर व्हावा, निदान मास्तर व्हावा, हे स्वप्न आता आपल्याला नवे राहिलेले नाही. मात्र त्याने 'मी सिनेमा शिकतो' असे म्हटले की घर गप्प होते. या गप्प राहण्याला अडाणीपणा म्हणणे चूक आहे. रोजच्या मजुरीवर जगणारे घर मनातल्या मनात हिशेब करीत असते. सिनेमाच्या शिक्षणाची जाहिरात करणारे हा हिशेब सांगत नाहीत. सिनेमा हा पांढरपेशांचा उद्योग म्हणून झटकून टाकणारे आपले काही कार्यकर्तेही तो करीत नाहीत. म्हणून तो येथे मांडायचा आहे.

उदाहरणासाठी मुळशी तालुक्यातले घोटावडे घेऊ. एका बाजूला हिंजवडीच्या संगणक कंपन्या, दुसऱ्या बाजूला पिरंगुटचे कारखाने. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात १९६० साली सुरू झालेली सरकारी फिल्म संस्था येथून तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे. अंतर एवढेच असले तरी ते सर्वांना सारखे नाही. या पट्ट्यात जमिनीचे भाव चढले आणि जमीनवाल्यांच्या हाती पैसा आला. त्या पैशाने तरुण पोरांचे काय केले, ते २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न'ने दाखवले. पण ज्याच्याकडे विकायला गुंठाही नव्हता त्याचे काय? महारकीची वतने १९५८ च्या कायद्याने संपली. त्यानंतर ज्यांना जमीन परत मिळाली, ती नव्या शर्तीची. सरकारी परवानगीशिवाय ती विकता येत नाही, मग बँक तारण म्हणून तिच्याकडे सहजी कशी पाहील?

आता खर्च पाहू. फिल्म संस्थेची वार्षिक फी २०१५ साली ५५,३८० रुपये होती, ती २०२० साली १,१८,३२३ रुपये झाली. प्रवेशपरीक्षेची फी १,५०० वरून १०,००० रुपयांपर्यंत गेली, असे विद्यार्थी संघटनेने तेव्हा जाहीरपणे मांडले होते. याच फीवाढीविरुद्ध डिसेंबर २०१९ मध्ये विद्यार्थी उपोषणाला बसले होते. २०२० च्या दराने तीन वर्षांची फी साडेतीन लाखांच्या वर जाते. ही सरकारी संस्थेची गोष्ट झाली; खासगी संस्थांत यापेक्षा कितीतरी अधिक पैसे लागतात.

परंतु फी हा खर्चाचा एक भाग झाला. दुसरा भाग बुडालेल्या मजुरीचा. समजा, हाच मुलगा पिरंगुटच्या कारखान्यात महिना १५,००० रुपयांवर लागला असता. तीन वर्षांत घराला ५,४०,००० रुपये मिळाले असते. सुखवस्तू घर हा आकडा धरत नाही, कारण त्या घराला मुलाच्या कमाईची वाट पाहावी लागत नाही. शिवाय तीन वर्षे तीनच राहतात असेही नाही. २०१५ साली संस्थेत १३९ दिवसांचा संप झाला, तेव्हा २००८ च्या तुकडीतल्या काही विद्यार्थ्यांचे पदविका-चित्रपट अजून अपुरे होते. लांबलेल्या प्रत्येक वर्षाचे भाडे आणि भाकरी कोणी भरायची?

तिसरा भाग कर्जाचा. दहा लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण १३,२०० रुपये येतो आणि एकूण फेड पंधरा लाख ऐंशी हजारांच्या पुढे जाते. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत तारणाची अट नाही, पण ती ठराविक यादीतल्या संस्थांनाच लागू आहे.

आता कमाईकडे वळू. सिनेमात सुरुवातीला पगार नसतो, दिवसाचा दर असतो. समजा, साहाय्यकाला दिवसाला १,५०० रुपये मिळाले आणि महिन्यात बारा दिवस काम लागले, तर हाती आले १८,००० रुपये. त्यातून मुंबईतली खोली, लोकल, जेवण आणि वर तो हप्ता. तेही पैसे वेळेवर आले तर. मालिकांच्या धंद्यात काम झाल्यावर नव्वद दिवसांनी पैसे देण्याची रीत आहे. पुढचे काम मिळते ते ओळखीवर. ओळख ही वारशाने येणारी मालमत्ता आहे, आणि आपल्या बापजाद्यांच्या ओळखी वीटभट्टीच्या मुकादमापर्यंतच्या. चांगल्या संस्थेत जाण्याचा खरा लाभ म्हणूनच प्रमाणपत्राइतकाच तेथे मिळणाऱ्या सोबत्यांत आहे. महागड्या पण नाव नसलेल्या अकादमीत हे दोन्ही मिळत नाही.

यावर कोणी नागराज मंजुळे यांचे नाव घेईल. घ्यावेच. वडार समाजातला, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा हा माणूस अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) महाविद्यालयात संज्ञापन शिकला. तेथे शिकताना केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग २०१३ साली 'फँड्री' आणि २०१६ साली 'सैराट' आला. 'मसान' करणारे नीरज घेवान तर सिनेमाच्या शाळेत गेलेच नाहीत; ते इंजिनियर होते, हाताशी नोकरीची विद्या होती. या दोघांवरून एवढे कळते की दाराची उंची फीवर ठरत नाही. पण जे मुंबईहून मुकाट्याने परत आले त्यांची नावे कोणी छापत नाही. धोरण दोघांच्या यशावर नव्हे, त्या परतलेल्यांच्या हिशेबावर ठरवले पाहिजे.

तेव्हा आपल्या मुलामुलींनी काय करावे? आधी अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का आणि त्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होते का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारावे. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. सरकारी संस्थेतल्या राखीव जागेसाठी नेटाने तयारी करावी. दिग्दर्शनाचाच हट्ट न धरता संकलन, ध्वनी, छायालेखन यांचाही विचार करावा, कारण या विद्येला जाहिराती, वृत्तवाहिन्या आणि लग्नाच्या चित्रीकरणातही पोट भरण्याइतके काम असते. कर्ज घ्यावेच लागले तर सिनेमाबाहेरच्या साध्या नोकरीतून फिटेल एवढेच घ्यावे.

आणि समाजाने काय करावे? १९१३ साली बडोदे संस्थानाने बाबासाहेबांना अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले, तेही तीन वर्षे. म्हणजे शिकताना जगायचे कसे, याचा विचार त्या शिष्यवृत्तीत होता. आजच्या शिष्यवृत्तीने फी भागली तरी शिक्षण संपल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे उघडीच राहतात. सिनेमाच्या धंद्यात माणूस गळतो तो नेमका त्याच काळात. या वर्षांसाठी निर्वाहवेतन मिळावे, मुंबईत वसतिगृहाची खाट मिळावी, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. पडद्यावर आपले जगणे दुसऱ्यांनी किती दिवस दाखवायचे, हा प्रश्न आपण सभांतून नेहमी विचारतो. त्याचे उत्तर घोटावड्याच्या मुलीच्या खोलीभाड्यापासून सुरू होते.