आवाजाची यंत्रं – भाग ९ : बत्तीस किलोंचा प्रवास

मागच्या आठवड्यात जुना व्हॉल्व्ह अँप्लिफायर घेताना काय तपासायचं ते लिहिलं. त्यावर नांदेडच्या एका वाचकांचा फोन आला. यंत्र पसंत पडलंय, किंमतही जुळली आहे, पण ते आहे कोलकात्यात. "आणायचं कसं?" हा प्रश्न ऐकून मी थोडा वेळ गप्पच झालो. सहा वर्षांपूर्वी याच प्रश्नाकडे मी नीट लक्ष दिलं नव्हतं आणि एक सुंदर यंत्र त्यात जायबंदी झालं.

तो अँप्लिफायरही कोलकात्याहूनच आला होता. वजन 32 किलो. खोकं बाहेरून बरं दिसत होतं, एक कोपरा तेवढा दबलेला. टेम्पोवाला घाईत होता, मी पावतीवर सही केली. वर येऊन खोकं उघडलं तर एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर चेसिसचा पत्रा फाडून बाहेर आला होता. वायरी तुटल्या होत्या आणि शेजारच्या दोन व्हॉल्व्हचा चुरा झाला होता. बबल रॅपचे चार वेढे होते, वर्तमानपत्रांचे बोळे होते, खोक्यावर तीन बाजूंना लाल अक्षरांत 'फ्रॅजाइल' होतं. पाठवणाऱ्यानं मनापासून पॅकिंग केलं होतं. तरीही असं का झालं, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं यंत्र हलवायचं नाही, असं मी तेव्हा ठरवलं.

समजा, खोकं कंबरेच्या उंचीवरून, म्हणजे 80 सेंटिमीटरवरून पडलं. नुकसान किती होणार, ते पडण्याच्या उंचीइतकंच थांबण्याच्या अंतरावर ठरतं. जमिनीला टेकल्यावर यंत्र 1 सेंटिमीटरात थांबलं, तर त्याच्या प्रत्येक भागावर स्वतःच्या वजनाच्या सरासरी 80 पट भार येतो. 5 किलोचा ट्रान्सफॉर्मर त्या क्षणी 400 किलोंचा होतो, आणि त्याला धरून असतात चार स्क्रू आणि पातळ पत्रा. तेच यंत्र 4 सेंटिमीटरात थांबलं, तर भार 20 पटींवर येतो, म्हणजे 100 किलो. एवढा भार चांगलं चेसिस सोसू शकतं. पॅकिंगची सगळी विद्या या 1 आणि 4 सेंटिमीटरांमधल्या फरकात आहे. माझ्या खोक्यात बबल रॅपचे फुगे एवढ्या वजनाखाली आधीच फुटले होते. कागदाचे बोळे दोन हजार किलोमीटरच्या हादऱ्यांनी चेपून तळाशी बसले होते. यंत्र जवळजवळ उघड्या पुठ्ठ्यावर आपटलं.

त्यातही 20 ते 40 किलो हे वजन धोक्याचं. 5 किलोचं पार्सल माणसाला हातानं अलगद ठेवता येतं. 100 किलोंच्या पेटीला ट्रॉली लागते, चार माणसं लागतात, त्यामुळे ती फेकली जात नाही. 30 किलोंचं खोकं मात्र एकटा माणूस उचलू शकतो, पण त्याला ते हळू टेकवता येत नाही, कारण खोक्याला धरायला जागाच नसते. शेवटच्या वीतभर अंतरात ते हातातून सुटतं. माथाडी कामगारांसाठी अण्णासाहेब पाटलांनी लढा दिला आणि महाराष्ट्रात 1969 साली कायदा झाला. तरी गोडाऊनमधलं पाठीवरचं ओझं आजही ओझंच आहे. दिवसभर माल चढवून थकलेल्या माणसाला बोल लावण्याआधी आपण त्याला धरायला मूठ दिली होती का, हे स्वतःला विचारावं.

म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यावर विसंबू नका. सुताराकडून 12 मिलिमीटर प्लायवूडची पेटी करून घ्या, दोन बाजूंना दोरीच्या जाड मुठी आणि खाली दोन लाकडी पट्ट्या. आत सगळ्या बाजूंनी 8 सेंटिमीटर ईपीई फोम. तो आपटताना साधारण निम्मा दबतो, म्हणजे आपले 4 सेंटिमीटर मिळतात. गादीचा स्पंज इथे उपयोगाचा नाही, तो नुसत्या वजनानंच खाली बसतो. थर्माकोल पहिला धक्का घेतो, पण चेपला की पुन्हा फुगत नाही. दुसऱ्या धक्क्याच्या वेळी तिथे पोकळी असते. आणि या वाटेवर माल एकदाच चढत-उतरत नाही. बुकिंगचं गोडाऊन, मोठा ट्रक, मधलं केंद्र, दुसरा ट्रक, शेवटी टेम्पो, असे पाच-सहा हात तरी लागतात. यंत्र पेटीत ठेवण्याआधी सगळे व्हॉल्व्ह काढून वेगळ्या डब्यात ठेवा, प्रत्येकावर सॉकेटचा क्रमांक घाला. ट्रान्सफॉर्मर आणि पेटीची भिंत यांच्या मधे फोमचे घट्ट ठोकळे हवेतच, म्हणजे सगळा भार स्क्रूंवर येत नाही. पावसाळ्यात आत प्लास्टिकची पिशवी आणि सिलिका जेल.

रेकॉर्ड प्लेअर वजनानं कमी, पण जास्त नाजूक. टेक्निक्सचा एसएल-1200 सुमारे 12 किलोंचा. त्याचं वरचं जड ताट स्पिंडलवर तसंच ठेवून पाठवलं, तर प्रत्येक हादरा थेट बेअरिंगवर बसतो. ताट काढा, वजनाचा गोळा काढा, कार्ट्रिजसकट हेडशेल काढा, दांडी तिच्या टेकूला बांधा. स्पीकरमध्ये भीती मागच्या मॅग्नेटची. मोठ्या वूफरचं मॅग्नेट बहुधा चिकटद्रव्यानं बसवलेलं असतं. जोराच्या आपटीत ते केसभर सरकलं तरी कॉइल अडकते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

आता कागदपत्रं. भरपाईचं प्रकरण नुकसान झाल्यावर सुरू होतं असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याचा निकाल बहुधा बुकिंगच्या खिडकीवर लागून गेलेला असतो. रस्त्यानं माल नेणाऱ्यांना 2007 चा कॅरेज बाय रोड कायदा लागू आहे. मालाची जास्त किंमत जाहीर करून जास्तीचा दर भरला नसेल, तर 2011 च्या नियमांप्रमाणे वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटींपुरती राहते. माझं भाडं 950 रुपये होतं. मला मिळाले 9,500. ट्रान्सफॉर्मर नव्यानं गुंडाळून घेणं आणि व्हॉल्व्ह यांचाच खर्च त्याच्या तिप्पट झाला. पाठवणाऱ्यानं भाडं वाचवायला किंमत कमी लिहिली असती, तर एवढेही मिळाले नसते, कारण जाहीर किमतीपेक्षा जास्त देण्याचं बंधन नाही. बिल्टीवर 'ओनर्स रिस्क'चा शिक्का पडण्याआधी थांबा, खरी किंमत लिहा, 'कॅरिअर्स रिस्क'चे पैसे भरा.

विमा वेगळा घ्यावा, आणि त्यातही कोणतं कलम आहे ते वाचावं. देशांतर्गत मालविम्यात 'ए' कलम सर्व जोखमींचं आहे. 'बी' मध्ये आग, टक्कर, वाहन उलटणं असे ठरावीक अपघात येतात, हमालीत हातातून पडलेलं खोकं त्यात बसत नाही. स्वस्त म्हणून 'बी' घेणारे पुष्कळ भेटतात. आणि 'ए' घेतलं तरी अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. म्हणूनच पेटी भरतानाचे फोटो हवेत, फोमची जाडी दाखवणारी मोजपट्टी शेजारी ठेवून. यंत्र चालू असतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ आणि सीरियल नंबरही हवा.

माल आल्यावर पेटीला काही झालेलं दिसलं, तर कोरी सही करू नका. 'कोपरा दबलेला, आतील तपासणी बाकी' एवढं पावतीवर लिहून मगच सही करा, आणि त्या कागदाचा फोटो घ्या. तेवढे पाच शब्द मी लिहिले नाहीत. ते लिहिले असते, तर पहिले तीन महिने 'माल चांगल्या स्थितीत पोचला' हे उत्तर ऐकावं लागलं नसतं. पेटी उघडताना सलग व्हिडिओ करा. तुटकं दिसलं की तिथेच थांबा, वीज लावून पाहू नका, पुठ्ठा-फोम काहीही टाकू नका, विमा असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत तसंच राहू द्या. वाहतूकदाराकडून डॅमेज सर्टिफिकेट मागा, कारागिराकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या. त्याच दिवशी ईमेल करा आणि पाठोपाठ स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा. कायद्यातली मुदत 180 दिवसांची आहे, आणि ती डिलिव्हरीपासून नाही, बुकिंगच्या तारखेपासून मोजतात. फोनवरच्या गोड बोलण्यात हे सहा महिने सहज निघून जातात. परदेशातून विमानानं यंत्र मागवणाऱ्यांना तर आणखी घाई हवी. मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून 14 दिवसांत करावी लागते.

यातून काही निघालं नाही, तर ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. मंडपात साउंड लावणाऱ्या मित्रांनी एक लक्षात ठेवावं : व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा या कायद्यात येत नाही, मात्र स्वतः राबून पोट भरणाऱ्याला त्यात सवलत आहे. तक्रारीत तसं स्पष्ट लिहावं.

माझा तो अँप्लिफायर दुरुस्त झाला आणि दोन वर्षांनी नागपूरच्या एका मित्राकडे गेला. या वेळी पेटी प्लायवूडची होती, मुठी होत्या, आणि 'फ्रॅजाइल'ऐवजी मराठी-हिंदीत ठळक लिहिलं होतं : '44 किलो. काचसामान. जड बाजू इकडे', आणि बाण. गोडाऊनमधल्या हमालानं ते वाचलं, दुसऱ्याला हाक मारली, "जड बाजू तू धर," म्हणाला. दोघांनी मुठी धरून पेटी उचलली आणि ट्रकच्या फळीवर टेकवली. टेकवल्याचा आवाज आला नाही.

(पुढील आठवड्यात : वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र पहिल्यांदा सुरू करताना)