बाससाठी काठी किती फुटी घ्यावी?

साल १९७५. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात बुल शोल्स तलावावर बास गरवण्याची स्पर्धा चालली होती. त्या काळात बहुतेक स्पर्धकांच्या हातात साडेपाच-सहा फुटी काठी असायची आणि आमिष जितकं लांब जाईल तितकं बरं, असा समज होता. कॅलिफोर्नियाहून आलेल्या डी थॉमस यांनी मात्र लांब, जाड काठी काढली, होडी थेट बुडालेल्या झाडाझुडपांत घातली आणि दहा-पंधरा फुटांवरच्या खाचाखोचांत आमिष अलगद सोडायला सुरुवात केली. ती स्पर्धा त्यांनी जिंकली.

काठी इतरांपेक्षा लांब आणि मासा मात्र सगळ्यांत जवळचा. रॉडची लांबी निवडताना हे ध्यानात ठेवावं, कारण दुकानात पहिला प्रश्न हमखास एकच असतो: याने किती लांब फेकता येईल? लांब काठीने आमिष दूर जातं, हे खरंच आहे. पण लांबीच्या कामांपैकी ते एक काम आहे, आणि बासच्या बाबतीत बऱ्याचदा ते दुय्यम ठरतं.

बास, म्हणजे इथे लार्जमाउथ बास, हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा. जबडा मोठा, अंग हिरवट, बाजूने काळपट पट्टा. तो लांब पाठलाग करत बसत नाही. ओंडका, गवताचा थर, लाकडी धक्क्याची सावली अशा आडोशाला दबा धरतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो. म्हणजे तो आडोसा कसा आहे आणि आपण त्यापासून किती अंतरावर उभे आहोत, यावर काठी ठरते.

थॉमस यांची पद्धत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियात पाणगवतातून मासे काढताना ते बारा फुटांच्या आसपासची काठी वापरत. इतर स्पर्धकांनी तक्रार केली आणि काठीवर ८ फुटांची मर्यादा आली. मग कमी पडलेली लांबी त्यांनी हाताने भरून काढली. काठीच्या टोकापासून साधारण काठीइतकीच दोरी खाली सोडायची. डाव्या हाताने रील आणि पहिली कडी यांच्यामधली दोरी बाजूला ओढून धरायची. टोक किंचित खाली-वर केलं की आमिष झोका घेतं. ते पुढे निघालं की हातातली दोरी सैल सोडायची. आमिष पाण्याला लागूनच सरकत जातं आणि फारसा आवाज न करता हव्या त्या भोकात उतरतं. याला फ्लिपिंग म्हणतात. आजही त्यासाठी साडेसात ते आठ फुटी रॉड घेतात, कारण काठी जितकी लांब तितका झोका मोठा, आणि मासा लागल्यावर त्याला गवताच्या जाळ्यातून सरळ वर उचलायला उंची मिळते. बासच्या मोठ्या स्पर्धांत ८ फुटांची ती मर्यादा कित्येक वर्षं टिकली. अलीकडे ती १० फुटांवर नेली आहे.

लांबीचं दुसरं काम डोळ्यांना दिसत नाही. मला तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मासा आमिष तोंडात घेतो तेव्हा दोरी क्वचितच ताणलेली असते. वाऱ्याने आणि पाण्याने तिला झोळ आलेला असतो. आपण हिसका मारतो तेव्हा आधी तो झोळ निघतो, मग उरलेला जोर गळापर्यंत पोचतो. हातापासून टोकापर्यंत ५ फूट असलेली काठी पाव वर्तुळात फिरवली, तर टोक सुमारे ८ फूट प्रवास करतं. तेच अंतर साडेसहा फूट असेल, तर टोक १० फुटांहून थोडं जास्त फिरतं. त्याच मनगटाने, तेवढ्याच वेळात दोन फूट जादा दोरी ओढली गेली. शंभर फुटांवर रबरी किडा तळाला पडलेला असताना हे दोन फूट निर्णायक ठरतात. नायलॉनची दोरी मुळात ताणते, त्यामुळे तिथे लांबीची गरज आणखी वाढते. विणलेली ब्रेड दोरी जवळजवळ ताणत नाही. ती वापरणाऱ्याला थोडी आखूड काठी चालून जाते.

मग सगळ्यांनीच आठ फुटी का घेऊ नये? लांब काठी म्हणजे माशाच्या बाजूची लांब तरफ. तो टोकाशी ओढतो आणि भार आपल्या मनगटावर येतो. लांबी वाढली की भारही वाढतो. म्हणून लांब रॉडची मूठही लांब असते. ती कोपराखाली किंवा पोटाशी टेकवून दोन हातांनी पेलायची असते. जुन्या काठ्या आखूड असण्यामागे हेही एक कारण होतं. फायबरग्लास जड, मूठ पिस्तुलासारखी, फेक एका हाताची. लांब काठी दिवसभर पेलवायचीच नाही. १९७०च्या दशकात ग्राफाइट आलं, वजन उतरलं आणि तेव्हापासून काठ्या वाढत गेल्या.

काही कामांना आजही आखूड काठीच हवी. पृष्ठभागावर डावी-उजवीकडे मान टाकत चालणारी आमिषं असतात. हेडन कंपनीचं झारा स्पूक हे त्यातलं नावाजलेलं. ते चालवायला काठीचं टोक पाण्याकडे झुकवून मनगटाचे छोटे झटके द्यावे लागतात. साडेसात फुटी काठी घेतली की टोक पाण्यावर आपटतं, हात आखडतो आणि आमिषाची चाल बिघडते. इथे साडेसहा फूट, फार तर पावणेसात. माणसाची उंचीही इथे मोजायला हवी. सव्वापाच फूट उंचीच्या माणसाने सहा फुटी स्पर्धकाची काठी डोळे मिटून उचलू नये. धक्क्याखाली पाण्यावर टप्पे देत आमिष सरकवायचं असेल, किंवा काठावर उभं असताना पाठीमागे झाडं असतील, तरीही आखूडच बरी.

याच्या उलट क्रँकबेट हे खोल जाणारं आमिष. ते ओढायला लागल्यावर हळूहळू खाली जातं. आपल्या पूर्ण खोलीला पोचायला त्याला बराच पल्ला लागतो आणि होडीजवळ आलं की ते पुन्हा वर चढतं. फेक आखूड पडली, तर मासे ज्या थरात आहेत तिथे ते जेमतेम पोचतं आणि परततं. इथे साडेसात-आठ फूट लांबीचा पुरेपूर उपयोग होतो. मात्र काठी मधोमध वाकणारी, मऊ हवी. या आमिषाला तीन काट्यांचे गळ असतात. कडक काठीने ओढलं की ते माशाच्या तोंडातून निसटतात. काठीचा ताठपणा आणि ती कुठे वाकते, हे लांबीइतकंच पाहावं लागतं. लांबीचा आकडा काठीवर छापलेला असतो म्हणून तो आधी दिसतो, एवढंच.

एकच रॉड घ्यायचा असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: सात फुटी, ताठपणात मीडियम-हेवी, टोकाकडे वाकणारा म्हणजे फास्ट. रबरी किडा, जिग, स्पिनरबेट अशा आमिषांची कामं तो नीट करतो. दुसरा घ्यायची वेळ येईल तेव्हा आपलं पाणीच सांगेल, साडेसहा हवा की साडेसात. कयाकमधून गरवणाऱ्यांनी सातच्या खाली जाऊ नये. मासा होडीच्या टोकाला वळसा घालून पलीकडे गेला, तर बसल्या जागेवरून काठी पुढून फिरवता यायला हवी.

बास आपल्याकडचा मासा नाही, पण त्याच्यासाठी घडलेले रॉड आपल्या खाड्यांत पोचले आहेत. ल्युअर म्हणजे कृत्रिम आमिष टाकून चोणक किंवा जिताडा, तांबोशी गरवणारे हेच बेटकास्टिंग रॉड वापरतात, आणि हिशोबही तोच लागतो. कांदळवनाच्या लोंबत्या फांद्यांखाली आडव्या हाताने आमिष सरकवायचं तर सातच्या आत. समुद्राच्या खडकावर उभं राहायचं तर मात्र बासची काठी घरीच ठेवावी. पुढच्या कपारींवरून दोरी उचलून धरायला आठ-नऊ फूट लागतात.

अमेरिकेतल्या भाच्याला किंवा मुलीला रॉड आणायला सांगणाऱ्यांनी आधी एक मोजमाप पाहावं. सात फूट म्हणजे २१३ सेंटिमीटर. विमानात सामानाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून साधारण १५८ सेंटिमीटरची मर्यादा असते, त्यामुळे अखंड रॉड नेहमीच्या सामानात बसणं अवघड. दोन तुकड्यांचा रॉड १०७ सेंटिमीटरचा होतो, तो नळीत घालून येतो; चार तुकड्यांचा सरळ बॅगेत मावतो. चांगल्या जोडाचे रॉड आता अखंड काठीच्या बरेच जवळ आले आहेत. हातात आल्यावर तुकडे जोडावेत, सगळ्या कड्या एका रेषेत आहेत ना हे मुठीकडून एक डोळा मिटून पाहावं आणि रॉड हलकेच हलवावा. जोडातून टकटक आवाज आला, तर परतीची मुदत संपण्याआधी तो बदलून घ्यावा.