पान फिरते, डोके का गरगरते?

गूगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत 'डू अ बॅरल रोल' असे टाइप केले, की निकालांचे अख्खे पान स्वतःभोवती गिरकी घेऊन पुन्हा जागेवर येते. 'अस्क्यू' हा शब्द टाकला, तर ते किंचित तिरके होते. अशा दडवलेल्या गमतींना 'ईस्टर एग' म्हणतात. ईस्टरच्या सणाला मुले लपवलेली रंगीत अंडी शोधतात, त्यावरून हे नाव पडले. गिरकीची गंमत २०११ मधली. त्याआधी, २००९ मध्ये, रिकार्डो काबेयो या प्रोग्रामरने 'गूगल ग्रॅव्हिटी' हे पान बनवले होते. त्यात शोधचौकट, बटणे, अक्षरे धडाधड खाली कोसळतात आणि माऊसने उचलून भिरकावता येतात. यामागे शाळेतलेच भौतिकशास्त्र आहे. संगणक सेकंदाला अनेक वेळा प्रत्येक वस्तूचा वेग आणि जागा नव्याने मोजतो, गुरुत्वाकर्षणाने वाढलेला वेग त्यात मिळवतो आणि टक्कर झाली की दिशा बदलतो.

हे पाहून बहुतेकांना हसू येते. काहींना मात्र गरगरते, मळमळते, घाम फुटतो. 'पान फिरले, तू कुठे फिरलास?' अशी त्यांची थट्टाही होते. पण ही तक्रार मनाचा खेळ नाही.

आपला तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या माहितीवर सांभाळला जातो : डोळे, आतला कान आणि पाय, मान यांचे स्नायू व सांधे. आतल्या कानात प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतला द्रव मागे राहतो आणि 'आपण वळलो' असा संदेश मेंदूला जातो. गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारे दोन छोटे अवयव त्यांच्या शेजारीच असतात. स्टेशनवर शेजारची गाडी सुटली, की आपलीच गाडी हलल्याचा भास होतो. तिथे डोळे 'हललो' म्हणतात, कान 'स्थिर आहोत' म्हणतात. फिरणाऱ्या पानाबाबतही तेच घडते. घाटात बसमध्ये मोबाइल पाहणाऱ्याचे याच्या उलट असते : कानाला वळणे जाणवतात, डोळ्यांना स्थिर पडदा दिसतो. दोन्हीकडे संदेश जुळत नाहीत आणि मळमळ सुरू होते.

ज्यांना बस लागते, ज्यांना अर्धशिशी आहे किंवा आतल्या कानाचा आजार आहे, त्यांना हा त्रास अधिक होतो. पडदा जितका मोठा आणि जवळ, तितका भास तीव्र.

२०१३ मध्ये आयफोनच्या नव्या प्रणालीत चिन्हे तरंगू लागली, पडदे झेपावू लागले आणि अनेकांनी चक्कर-मळमळीच्या तक्रारी केल्या. त्याच वर्षी ॲपलने हालचाल कमी करण्याच्या सोयीत सुधारणा केली. पुढे २०१७ पासून ब्राउझरही वापरणाऱ्याची ही निवड संकेतस्थळाला कळवू लागले. मात्र पान बनवणाऱ्याने ती मानली, तरच उपयोग होतो.

त्रास होत असेल तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी'खालील 'रिड्यूस मोशन' सुरू करावे. अँड्रॉइडवर 'रिमूव्ह ॲनिमेशन्स' हा पर्याय शोधावा. गरगरू लागलेच, तर पडद्यावरून नजर काढून बसावे आणि समोरच्या दूरच्या स्थिर वस्तूकडे पाहावे. काही मिनिटांत बहुधा बरे वाटते.

पडद्यापासून दूर गेल्यावरही चक्कर थांबत नसेल किंवा कूस बदलताना घर फिरत असेल, तर दोष मोबाइलवर ढकलू नये. तपासणी करून घ्यावी. चक्करेबरोबर बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, हातापायातील ताकद जाणे, चालताना झोकांड्या जाणे किंवा अचानक ऐकू न येणे, यांपैकी काहीही असेल, तर घरी थांबू नये. तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे.