मळीतले अल्कोहोल कुठे जिरते?



परवा गट सभेत एका वडीलधाऱ्या सभासदाने उभे राहून विचारले, "एक टन मळीला अल्कोहोल किती पडायला पाहिजे? अन् कमी पडलं तर चूक कुणाची?" प्रश्न मोलाचा आहे. त्याचे उत्तर सर्वांपुढे यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मळी म्हटले की आपल्याला शेतात खत म्हणून टाकतो ती प्रेसमडची मळी आठवते. इथे मळी म्हणजे मोलॅसिस, साखर काढल्यावर मागे राहणारा काळा दाट पाक. शेवटपर्यंत साखर काढून घेतलेल्या, म्हणजे सी हेवी मळीत आंबणारी साखर 42 टक्के आहे असे धरू. म्हणजे एका टनात 420 किलो. शास्त्र असे सांगते की एक किलो आंबणाऱ्या साखरेपासून जास्तीत जास्त 0.51 किलो अल्कोहोल होते. बाकीचा कार्बन डायऑक्साइड वायू होऊन उडून जातो. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्याने हे माप सुमारे 647 मिलिलिटर भरते. हिशेबाने एका टनाला 272 लिटर झाले. हा झाला कागदावरचा आकडा.

प्रत्यक्षात यीस्ट स्वतः वाढते, त्याला साखर लागते. थोडे ग्लिसरीन, थोडी आम्ले तयार होतात. आंबवण 90 टक्के साधली तर 245 लिटर, आणि ऊर्ध्वपातनात दीड टक्का गेला तर 241 लिटर हाती येते. आंबवणीत एक टक्का घसरला की टनामागे पावणेतीन लिटर गेले. दहा हजार टन मळीवर हीच घट सत्तावीस हजार लिटर होते. हे पैसे कुणा परक्याचे नाहीत, आपलेच आहेत.

मग गळती कुठे होते? पहिली गोष्ट उष्णतेची. आंबताना टाकी आपोआप तापते. यीस्टला 30 ते 33 अंश सेल्सिअस मानवते. 35 च्या वर ते मलूल होऊ लागते. एप्रिल-मे महिन्यात थंड पाणी कमी पडले की टक्का घसरलाच म्हणून समजा. दुसरी, पाण्याच्या प्रमाणाची. मळी फार घट्ट ठेवली तर यीस्ट दमते, फार पातळ केली तर वाफ जास्त जळते आणि स्पेंटवॉशही वाढतो. तिसरी गोष्ट साठवणीची. मळीच्या टाकीत पावसाचे पाणी शिरले की वरचा थर तिथेच आंबू लागतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे स्वच्छता. 1856 साली फ्रान्समधील लील शहरात बीटापासून अल्कोहोल करणाऱ्या एका कारखानदाराच्या टाक्या आंबट होऊ लागल्या. त्याने लुई पाश्चर यांना बोलावले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर चांगल्या टाकीत गोल यीस्ट आणि बिघडलेल्या टाकीत काडीसारखे बारीक जंतू. हे जंतू साखर खातात आणि अल्कोहोलऐवजी आम्ल करतात. आजही तेच घडते. म्हणून टाक्या, नळ, पंप वाफेने आणि पाण्याने धुऊन काढणे हे बिनखर्चाचे नसले तरी सर्वांत स्वस्तातले काम आहे.

आता आपल्या वाट्याचे काम. काही मंडळी म्हणतात, "शिळ्या उसाची साखर मळीत उतरते, मग डिस्टिलरीचा फायदाच की!" हे अर्धेच खरे. तोडलेला ऊस उन्हात पडला की सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. त्याचे स्फटिक होत नाहीत, ते मळीत जाते आणि आंबतेही. पण एवढ्यावर थांबत नाही. उसाच्या कापल्या तोंडातून जंतू शिरतात, साखर खातात, आम्ले करतात, चिकट डेक्स्ट्रान करतात. डेक्स्ट्रानची साखर होत नाही आणि यीस्ट त्याला तोंडही लावत नाही. वजन उतरते ते वेगळेच. म्हणजे तोटा शेतात, गाळपात आणि डिस्टिलरीत, असा तिन्हीकडे.

तेव्हा तोडणी झाली की चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडेल असे पाहावे. ट्रॉली भरायला उद्या येणार असेल तर आज तोडू नये. फड पेटवून तोडण्याचा आग्रह धरू नये. जळका ऊस लवकर बिघडतो. मोळीत माती, पाचट, वाढे येऊ देऊ नये, कारण जंतू मातीबरोबरच येतात.

डिस्टिलरीतल्या लोकांनी टाकी थंड आणि स्वच्छ ठेवावी, शेतकी खात्याने तोड आणि वाहनाचा मेळ घालावा, आपण ताजा ऊस द्यावा. सभेतल्या त्या प्रश्नाचे उत्तर एवढेच, की चूक एकाची नसते आणि सुधारणाही एकट्याने होत नाही. पुढच्या सभेत मात्र हाच प्रश्न पुन्हा विचारावा. टनाला किती लिटर पडले, हा आकडा सभासदांनी मागितला की तो सुधारायलाही हुरूप येतो.