उशाशी बसणाऱ्यांचा व्यायाम

क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व १९४८ च्या सुरुवातीला कोरड्या हवेसाठी देवासला आले आणि पुढची काही वर्षं त्यांना गाणं बंद ठेवावं लागलं. स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, ते बरे झाले, पुन्हा गायले, हे माळव्यातल्या मराठी घरांना ठाऊक आहे. त्या काळात शाळेत शिकवून संसार चालवणाऱ्या आणि घरी आल्यावर त्यांची शुश्रूषा करणाऱ्या त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंच्या प्रकृतीची चौकशी मात्र क्वचितच होते. आजही धार काय, देवास काय, पक्षाघात झालेल्या सासऱ्यांना उठवणारी सून किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या नवऱ्याला सांभाळणारी साठीची बायको यांच्याशी डॉक्टर बोलतात ते बहुधा गोळ्यांच्या वेळांपुरतं. माझं म्हणणं असं, की या माणसांचा व्यायाम हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग धरला पाहिजे आणि त्यासाठी सवड काढून देणं ही घरातल्या बाकीच्यांची जबाबदारी आहे.

सेवेचा ताण मनापुरता राहत नाही. अमेरिकेतल्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांनी १९९५ साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्यांच्याच वयाच्या इतर १३ स्त्रिया यांच्या हातावर सारख्याच आकाराची लहानशी जखम केली. पहिल्या गटाची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. पुढे २००२ मध्ये ॲबी किंग यांच्या गटाने अशाच १०० प्रौढ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षभर मुख्यतः भरभर चालायला लावलं. तेही घरच्या घरी, मार्गदर्शन फोनवरून. त्यांची झोप सुधारली आणि ताणाच्या प्रसंगी रक्तदाब पूर्वीइतका उसळेनासा झाला. रुग्णाचं दुखणं तेच होतं, काळजीही तीच होती. फरक पडला तो ती झेलणाऱ्या शरीरात.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘दिवसभर उठबस चालूच असते, आणखी कसला व्यायाम?’ हे उत्तर खोटं नाही, अपुरं आहे. कोपनहेगनमधल्या एक लाखाहून जास्त लोकांच्या पाहणीत (२०२१) फुरसतीतल्या हालचालींबरोबर मृत्यूचं प्रमाण घटलेलं दिसलं, कामातल्या कष्टांबरोबर मात्र ते वाढलेलं. गरिबीसारखी कारणं हिशेबात धरूनही हा फरक पुरता पुसला गेला नाही. एक संभाव्य कारण सरळ आहे. व्यायामात हृदयाचे ठोके थोडा वेळ चांगले वाढतात आणि मग विश्रांती मिळते. शुश्रूषेत वाकणं, उचलणं, जागरण तासन्‌तास चालतं. कंबर झिजते, पण दम वाढेल इतका जोर क्वचितच लागतो. म्हणून रुग्णाला कुशीवर वळवण्याचे श्रम व्यायामाच्या खात्यात मांडू नयेत. उलट, ते सोसण्यासाठी पाठ आणि मांड्या बळकट कराव्यात: खुर्चीतून हात न टेकता उठणं, भिंतीला हात लावून दंड काढणं.

वेळेचा आक्षेप जास्त खरा आहे. आपल्याकडच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरच्यांची देखभाल करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी १३४ मिनिटांचा वेळ जात होता, पुरुषांचा ७६. घरकाम त्याहून वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला किमान १५० मिनिटांचं माप कायम ठेवलं असलं, तरी सलग दहा मिनिटं व्यायाम झालाच पाहिजे ही जुनी अट २०२० मध्ये काढून टाकली. जिन्यावरून दोन मिनिटं झपझप चढउतार केली, तरी ती मोजली जाते. पण नुसत्या तुकड्यांवर बायकांची बोळवण करणं मला मान्य नाही. देवासच्या टेकडीच्या पायऱ्या चढायच्या किंवा धारला मुंज तलावाकडे फेरी मारायची, तर अर्धा तास रुग्णाजवळ दुसरं कोणीतरी हवं. आणि रुग्णाला टाकून फिरायला जाणं हा अपराध वाटत असेल, तर १९९९ चा एक अमेरिकी अभ्यास पाहावा: जोडीदाराची सेवा करताना ताणाखाली असलेल्या वृद्धांत चार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ६३ टक्क्यांनी जास्त निघालं, सेवा करूनही ज्यांना तसा ताण नव्हता, त्यांच्यात अशी वाढ आढळली नाही. तेव्हा रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांनी औषधांच्या वेळांशेजारी आणखी एक वेळ लिहून द्यावी, आणि त्या वेळी उशाशी मुलगा बसेल, दीर बसेल की शेजारच्या काकू, तेही तिथेच विचारून घ्यावं.